जिम स्टेपलटन नेमका कोणत्या साली जिंकला? हर्लिंगच्या पहिल्या कर्णधाराचे चरित्र लिहिताना

एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीत शाळेत जातो. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश मैदानी खेळातल्या एखाद्या सुरुवातीच्या कर्णधारावर दोन पानांचा प्रकल्प करायचा आहे आणि त्याने थर्ल्सचा जिम स्टेपलटन निवडला आहे. शोधाशोध केल्यावर एका ठिकाणी विजेतेपद १८८७ चे दिसते, दुसऱ्या ठिकाणी सामना १८८८ चा. निकाल १-१ विरुद्ध ०-० असा लिहिलेला, तो वाचताच येत नाही. तिसरीकडे खरा कर्णधार डेनिस माहर होता असे म्हटले आहे. यातले खरे काय धरायचे आणि चरित्र लिहायचे कसे?

आधी दिलासा देतो: तुम्हाला सापडलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोळ होतो तो आजच्या कर्णधाराचा साचा घेऊन आपण तेव्हाच्या माणसाला त्यात बसवू पाहतो म्हणून. पदार्पण, एकूण सामने, किती वर्षे नेतृत्व, हातात करंडक धरलेला फोटो असे रकाने आखून बसलात तर १८८० च्या दशकातल्या कर्णधाराचे निम्मे रकाने रिकामेच राहतील, आणि रिकामे रकाने भरण्याच्या नादात चुका शिरतील. त्याऐवजी चार प्रश्न विचारायचे: स्पर्धा कोणत्या वर्षाची होती, सामना प्रत्यक्ष कधी झाला, तो माणूस कोणत्या क्लबाकडून उतरला, आणि त्या दिवशी गुणांचा नियम कोणता होता? एवढे जुळले की उरलेले चरित्र आपोआप जागेवर बसते.

सालापासून सुरू करू. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, जिला तिकडे सगळे जीएए म्हणतात, ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्सच्याच हेझ हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन ही त्यामागची मुख्य नावे. पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ मध्ये सुरू झाली. पण त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या थर्ल्स अधिवेशनात संघटनेत उभी फूट पडली. एका बाजूला फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्ता शस्त्राने उलथवू पाहणाऱ्या गुप्त संघटनेची माणसे, आणि दुसऱ्या बाजूला कॅथलिक धर्मगुरू व त्यांचे पाठीराखे. जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा अधिवेशन भरून समेट झाला. या गदारोळात अंतिम सामना रखडला आणि शेवटी १ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बर गावी झाला. थर्ल्सचा संघ टिपरेरीकडून आणि मीलिकचा संघ गॉलवेकडून उतरला. स्पर्धेत प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या काउंट्या अवघ्या पाच होत्या: टिपरेरी, गॉलवे, किल्केनी, क्लेअर आणि वेक्सफर्ड.

तेव्हा प्रकल्पात असे लिहा: “१८८७ ची स्पर्धा, अंतिम सामना १ एप्रिल १८८८.” हर्लिंगमध्ये साल नेहमी स्पर्धेचे देतात, सामन्याच्या तारखेचे नव्हे. हा भेद न पाळल्याने काय गोंधळ उडतो याचे सर्वांत चांगले उदाहरण पुढच्या दशकात आहे. १८९६ च्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला २७ मार्च १८९८ रोजी, टिपरेरी जिंकली. १८९७ च्या स्पर्धेचा झाला २० नोव्हेंबर १८९८ रोजी, लिमरिक जिंकली. आणि १८९८ च्या स्पर्धेचा थेट २५ मार्च १९०० रोजी, पुन्हा टिपरेरी. आता कुणी “१८९८ चे विजेते” एवढेच लिहिले तर तीनपैकी कोणता सामना समजायचा? जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण हाती आले की वरची तारीख सामन्याची आणि मजकुरातले साल स्पर्धेचे, हे डोक्यात पक्के हवे.

आता डेनिस माहरकडे येऊ. त्याआधी एक गंमत: हे आडनाव रोमन लिपीत पाहिले की आपल्याला थेट ‘माहेर’ आठवते, पण तिकडे उच्चार ‘मार’च्या जवळ जातो. शिवाय ते दोन तऱ्हांनी लिहितात, एम-ए-एच-ई-आर आणि एम-ई-ए-जी-एच-ई-आर, आणि उच्चार एकच. नोंदी शोधताना दोन्ही स्पेलिंगे घालून पाहावी लागतात. टिपरेरीत हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखे पसरलेले आहे, म्हणून दोन माहर दिसले की नाते जुळवायची घाई नको.

डेनिस माहर हा थर्ल्सजवळच्या किलिनन भागातला, ‘लाँग डिनी’ या नावाने ओळखला जाणारा. संघाचा कर्णधार तोच होता. पण बरला जायच्या वेळी प्रवासखर्चावरून वाद झाला आणि तो व त्याचे किलिननचे सोबती गेलेच नाहीत. उरलेल्यांत आणि ऐनवेळी घेतलेल्यांत कर्णधारपद जिम स्टेपलटनकडे आले. म्हणून स्पर्धेच्या वाटचालीत कर्णधार माहर आणि अंतिम सामन्याचा, म्हणजे इतिहासात नोंदला गेलेला पहिला विजेता कर्णधार स्टेपलटन, ही दोन्ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. मुलाने दोन्ही लिहावीत. किंबहुना प्रकल्पातला सर्वांत जिवंत भाग हाच आहे.

खर्चाचा वाद ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नव्हता. खेळ पूर्णपणे हौशी, आणि खेळाडू बहुतेक शेतकरी किंवा शेतमजूर. थर्ल्स ते बर हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे. एकवीस जणांचे भाडे आणि दिवसभराचे खाणे कुणी द्यायचे याचे पक्के उत्तर संघटनेकडे नव्हते, कारण तिची स्वतःची तिजोरीच नुकत्याच झालेल्या फुटीतून सावरत होती. तेव्हाचा कर्णधार हा नाणेफेक करण्यापुरता नसे. आपल्या वस्तीतल्या माणसांच्या वतीने बोलणारा तो म्होरक्या असे. किलिननच्या माणसांनी माहरबरोबर पाय मागे घेतले ते त्यामुळेच. संघ हा वस्त्यांच्या गटांचा मिळून बनलेला होता आणि प्रत्येक गट आपल्या माणसाकडे पाहून हालचाल करायचा. त्या सामन्यातला एकमेव गोल करणारा टॉमी हीली हाही थर्ल्स शहरातला नव्हता, कूलक्रूचा होता. ‘थर्ल्सचा संघ’ म्हणजे थर्ल्स आणि भोवतालचा मुलूख असे वाचायचे.

कर्णधारपद मिळायचे कसे, हेही इथे सांगून टाकतो, कारण आजच्या सवयीने वाचणारा इथे हमखास चुकतो. तेव्हा काउंटीचा वेगळा निवडलेला संघ नव्हता. काउंटीची स्थानिक स्पर्धा जो क्लब जिंकेल तोच क्लब काउंटीच्या नावाने अखिल आयर्लंड स्पर्धेत उतरायचा, आणि त्या क्लबाचा कर्णधार तोच काउंटीचा कर्णधार. १८९२ पासून विजेत्या क्लबाला काउंटीतल्या इतर क्लबांचे खेळाडू घेण्याची मुभा मिळाली, तरी कर्णधारपद विजेत्या क्लबाकडेच राहिले. किल्केनीत तर ही रीत अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत टिकून होती. त्यामुळे एखादा माणूस एका वर्षी विजेता कर्णधार आणि पुढच्या वर्षी कुठेच नाही, यात पडझड शोधू नका. बहुधा त्याचा क्लब स्थानिक स्पर्धेत हरलेला असतो. स्टेपलटनच्या बाबतीत तर अजून एक कारण होते: १८८८ ची अखिल आयर्लंड स्पर्धा पूर्णच झाली नाही. संघटनेने त्या शरद ऋतूत हर्लर आणि ॲथलीट यांचा मोठा जथा अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवला आणि स्पर्धा अर्धवट राहिली. म्हणजे पहिल्या विजेत्यांना जेतेपद राखायची संधीच मिळाली नाही.

आता निकाल. हर्लिंगमध्ये गुण दोन आकड्यांत लिहितात: आधी गोल, मग पॉइंट. १-१ विरुद्ध ०-० म्हणजे टिपरेरीचा एक गोल व एक पॉइंट, गॉलवेची पाटी कोरी. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट. आज एक गोल म्हणजे तीन पॉइंट, म्हणून टिपरेरीचे ४ होतात असे मुलगा सहज लिहून जाईल. ते लिहू देऊ नका. त्या दिवशी गोल आणि पॉइंट यांची बेरीजच होत नव्हती. ज्याचे गोल जास्त तो जिंकला, मग समोरच्याचे पॉइंट कितीही असोत. पॉइंट मोजायचे ते फक्त गोल समसमान असले तर. हा नियम १८९२ पर्यंत होता. १८९२ मध्ये गोलाची किंमत पाच पॉइंट ठरली आणि १८९६ मध्ये ती तीनवर आली, तीच आजतागायत आहे.

याने केवढा फरक पडतो ते दोन निकालांवरून दिसते. १८९१ च्या स्पर्धेत केरीने वेक्सफर्डला २-३ विरुद्ध १-५ असे हरवले. आजच्या हिशेबाने ९ विरुद्ध ८, म्हणजे निसटता विजय. पण तेव्हाच्या हिशेबाने एक अख्खा गोल जास्त, आणि वेक्सफर्डने आणखी दहा पॉइंट मारले असते तरी उपयोग नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीचे प्रकरण त्याहून फसवे आहे. १६ नोव्हेंबर १८९० च्या अंतिम सामन्यात वेक्सफर्ड २-२ आणि कॉर्क १-६ अशी स्थिती असताना आडदांड खेळाची तक्रार करत कॉर्कने मैदान सोडले. नंतर मध्यवर्ती मंडळाने जेतेपद कॉर्कला दिले. आज कुणी आकडेमोड केली तर वेक्सफर्ड ८, कॉर्क ९, आणि वाटते की कॉर्क एका पॉइंटने सरळ जिंकले. प्रत्यक्षात मैदानावर वेक्सफर्ड पुढे होते आणि कॉर्कच्या ऑबुलॉगचा कर्णधार डॅन लेन विजेता ठरला तो बैठकीतल्या निर्णयाने. उत्तर बरोबर आले पण रीत साफ चुकली, गणिताच्या वहीत होते तसे. म्हणून सुरुवातीच्या काळातला कोणताही निकाल लिहिताना आजच्या गुणांत रूपांतर करूच नये असे माझे ठाम मत आहे. मूळ दोन आकडे द्यावेत आणि शेजारी तेव्हाचा नियम एका ओळीत सांगावा.

पॉइंट तरी आजच्यासारखे होते का? तेही नाही. १८८६ पासून गोलच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक खांब असे, गोलखांबापासून २१ फुटांवर. गोल स्वतः २१ फुटांचा, म्हणजे एकूण ६३ फुटांची चौकट. बाजूच्या खांबाच्या आतून चेंडू गेला तरी पॉइंट मिळे. आज जो फटका वाइड ठरेल तो तेव्हा फळ देऊन जायचा. हे खांब १९१० मध्ये गेले. शिवाय त्या पहिल्या वर्षांत ‘फोरफिट पॉइंट’ नावाचा प्रकार होता: बचाव करणाऱ्याने चेंडू आपल्याच गोलरेषेमागे घालवला की समोरच्यांच्या खात्यात वेगळी नोंद व्हायची. एखाद्या बातमीत ही नोंद धरतात, एखादीत सोडून देतात, त्यामुळे एकाच सामन्याचे दोन निकाल छापलेले दिसले तर आधी याचा संशय घ्यावा. मग रेफरी चुकला की वार्ताहर, याचा विचार करावा.

मैदानावर काय घडायचे याचा एक परिच्छेद मुलाने जरूर घालावा. एका बाजूला २१ खेळाडू. १८९२ पासून १७, आणि १९१३ पासून १५. कर्णधार नाणेफेक करून बाजू निवडायचे. सुरुवातीच्या नियमांत दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर समोरासमोर दोन रांगांत उभे राहायचे, समोरच्याचा हात किंवा हर्ली धरून, आणि रेफरीने चेंडू टाकेपर्यंत तसेच थांबायचे. आजच्या थ्रो-इनला फक्त मधल्या फळीचे खेळाडू असतात, तेव्हा झाडून सगळे. हर्ली म्हणजे ॲशच्या लाकडाची, टोकाला रुंद पात्याची काठी. इथे यांत्रिक भाषांतर वापरणाऱ्यांना सावध करतो: ॲश हे झाडाचे नाव आहे, ‘राखेची काठी’ असे छापून येऊ देऊ नका. चेंडू म्हणजे स्लिटर आज ११० ते १२० ग्रॅमचा असतो. १८८७ मध्ये असा एकसारखा ठरीव चेंडू नव्हता. तो बनला पुढच्या शतकाच्या सुरुवातीला.

स्टेपलटनच्या हातात करंडक दाखवू नका. लिअम मॅकार्थी कप पहिल्यांदा दिला गेला तो १९२१ च्या स्पर्धेसाठी, आणि तो सामना झाला मार्च १९२३ मध्ये. पहिला घेणारा लिमरिकचा बॉब मॅकॉन्की. १८८७ च्या विजेत्यांना पदकेसुद्धा लगेच मिळाली नाहीत, त्यासाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली. त्यामुळे ‘पहिला विजेता संघ’ अशा मथळ्याखाली प्रौढ, पिकल्या मिशांच्या माणसांचा फोटो दिसला तर तो सामन्याच्या दिवसाचा असेल असे गृहीत धरू नये. पंचविशीतले खेळाडू आणि पन्नाशीतले मानकरी यांत फरक चेहऱ्यावरूनच कळतो. आजची निळी-सोनेरी जर्सीही त्याच्या अंगावर चढवू नका. काउंटीचे ठरावीक रंग ही नंतरची गोष्ट, तेव्हा क्लबाच्याच पोशाखात खेळत.

स्टेपलटनचे कर्तृत्व एका दिवसाभोवती फिरते. एका माणसाची लांब कारकीर्द मांडायची असेल तर त्याच टिपरेरीतला माइकी माहर घ्यावा, टबरडोराचा. तुमच्या प्रकल्पात चौकट म्हणून तो फार उपयोगी पडेल. टबरडोरा हे बोहरलाहन परिसरातले छोटेसे टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारखा जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला तुकडा. त्या एवढ्याशा जागेच्या नावाने उतरलेल्या संघाने १८९५, १८९६ आणि १८९८ या तीन स्पर्धा जिंकल्या आणि तिन्ही वेळा कर्णधार माइकी माहर. १८९५ चा अंतिम सामना १५ मार्च १८९६ रोजी डब्लिनच्या जोन्स रोडवर झाला, आज जिथे क्रोक पार्क उभे आहे तिथेच. किल्केनीविरुद्ध निकाल होता ६-८ विरुद्ध १-०. गोलाची किंमत पाच धरा वा तीन, सामना एकतर्फीच होता. १८९६ चा तर डब्लिनविरुद्ध ८-१४ विरुद्ध ०-४.

मग टबरडोराने खेळणे थांबवले. नावाने शोधणारा इथे थांबतो आणि माहरची कारकीर्द १८९८ ला संपवून टाकतो. पण तो माणूस पुढच्या स्पर्धेत हॉर्स अँड जॉकी नावाच्या गावाच्या संघातून आणि १९०० च्या स्पर्धेत टू-माइल-बॉरिसच्या संघातून खेळला. दोन्ही वेळा टिपरेरी जिंकली, फक्त कर्णधार दुसरे होते, कारण क्लब दुसरे होते. पाच पदके, तीन क्लब, तीन कर्णधारपदे. क्लब बदलला की माणूस नोंदीतून निसटतो. म्हणून नाव आणि क्लब दोन्हींनी, उलटसुलट शोधायचे. तीन विजेतेपदांचे कर्णधारपद आजवर फक्त तिघांच्या वाट्याला आले आहे: हा माहर, किल्केनीतल्या मूनकॉइनचा डिक ‘ड्रग’ वॉल्श (१९०७, १९०९, १९१३) आणि कॉर्कचा क्रिस्टी रिंग (१९४६, १९५३, १९५४). आणखी एक सूचना: १८९५ आणि १९०० या दोन्ही वर्षी टिपरेरीने गेलिक फुटबॉलची, म्हणजे जीएएच्याच दुसऱ्या खेळाची, स्पर्धाही जिंकली होती. ‘टिपरेरीचा कर्णधार, १८९५’ एवढेच वाचून नाव उचलले तर फुटबॉलवाला हाती लागू शकतो.

आता माणसाच्या आयुष्याचे तपशील कसे काढायचे ते. यात किती सापडेल हे जन्मसालावर अवलंबून आहे, आणि ती सीमारेषा फार नेमकी आहे. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी सरकारी जन्मनोंद सुरू झाली १ जानेवारी १८६४ रोजी. त्याआधी जन्मलेल्या माणसाचा सरकारी दाखला असूच शकत नाही. १८८८ मध्ये खेळणाऱ्यांपैकी कित्येक जण नेमके या रेषेच्या आसपासचे. रेषेच्या अलीकडचा असेल तर सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर दाखल्याची प्रतिमा फुकट दिसते. पलीकडचा असेल तर कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या पाहाव्या लागतात. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या सुमारे १८८० पर्यंतच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. पुष्कळ वह्या लॅटिनमध्ये आहेत. जेम्स, म्हणजे जिम, तिथे ‘जेकोबस’ असतो आणि डेनिस ‘डायोनिसियस’. हे माहीत नसेल तर नाव डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

जनगणनेचे पुढे. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले, आणि १८६१ ते १८९१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते. म्हणून या पिढीचा माणूस घरादारासह पहिल्यांदा दिसतो तो ३१ मार्च १९०१ च्या गणनेत, आणि नंतर २ एप्रिल १९११ च्या. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. घरातली माणसे, वय, व्यवसाय, लिहिता-वाचता येते का, आयरिश येते का, एवढे मिळते. वयावर मात्र भिस्त ठेवू नका. दहा वर्षांनंतरच्या गणनेत माणूस आठ वर्षांनी किंवा चौदा वर्षांनी मोठा झालेला नेहमी दिसतो. अंदाजाने वय सांगायची पद्धत होती. १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाल्यावर तर म्हाताऱ्यांची वये एकदम फुगली.

शोधण्याचा क्रम मी असा सांगेन: आधी टाउनलँड पक्के करा, मग १९११, मग १९०१, मग लग्नाची नोंद, आणि शेवटी जन्म. उलट, जन्मापासून सुरुवात केली तर हमखास दुसऱ्याच माणसाच्या मागे जाल. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची रीत तिकडेही होती. तीन भावांच्या तीन मुलांची नावे एकच, वये जवळपास सारखी आणि शिवारे लागून. ‘लाँग डिनी’, ‘बिग माइकी’, ‘ड्रग’ ही टोपणनावे लाडाची कमी आणि ओळख पटवण्यासाठीची जास्त. लग्नाच्या नोंदीत वडिलांचे नाव आणि व्यवसाय असतो, तिथे हा गुंता सुटतो. आणि वडिलांचे नावही तेच निघाले तर प्रकल्पात जन्मतारीख लिहूच नका. रिकामी जागा चुकीच्या तारखेपेक्षा बरी.

वर्तमानपत्रे पाहणार असाल तर ‘टिपरेरी’ किंवा ‘कर्णधार स्टेपलटन’ टाकून फारसे मिळणार नाही. ‘थर्ल्स’ आणि ‘मीलिक’ हे शब्द एकत्र घाला. बरचे तेव्हाचे इंग्रजी नाव पार्सन्सटाउन आणि काउंटीचे किंग्ज काउंटी, म्हणजे आजची ऑफली. तीही घालून पाहा. तारखा २ ते १४ एप्रिल १८८८ ठेवा. दैनिकात बातमी सोमवारपासून मिळेल आणि साप्ताहिकात पुढच्या शनिवारी, म्हणजे ७ तारखेला. बरमधूनच निघणारे ‘मिडलँड ट्रिब्यून’ आधी पाहावे, डब्लिनचे ‘फ्रीमन्स जर्नल’ नंतर. क्युसॅकच्या ‘सेल्टिक टाइम्स’ची वाट पाहू नका, ते जानेवारी १८८८ मध्येच बंद पडले होते. थर्ल्समध्ये राहत असाल किंवा जाणे होत असेल तर तिथले लार ना पार्क हे संग्रहालय, उघडे आहे का हे विचारून, मुलाला दाखवा. शाळकरी प्रकल्पासाठी तेवढे पुष्कळ आहे.

दोन पानांची मांडणी मी अशी करीन. पहिल्या अर्ध्या पानात थर्ल्स, १८८४ चे हॉटेल आणि स्पर्धेची सुरुवात. मग पूर्ण एक पान फक्त त्या ईस्टरच्या रविवाराला: कोण गेले, कोण आणि का गेले नाहीत, हात धरून उभ्या दोन रांगा, हीलीचा गोल, १-१ विरुद्ध ०-० आणि शेजारी तेव्हाचा नियम. उरलेल्या अर्ध्या पानात माइकी माहरची चौकट, म्हणजे एका दिवसाचा कर्णधार आणि पाच पदकांचा कर्णधार यांतला फरक वाचणाऱ्याला दिसेल. डेनिस माहरचे नाव ‘गैरहजर’ म्हणून नव्हे, ‘कर्णधार, प्रवासखर्चाच्या वादामुळे अंतिम सामन्याला गेला नाही’ असे लिहा. आणि शिक्षकांनी साल विचारले तर मुलाने दोन्ही सांगावीत, स्पर्धेचे आधी.